कै. परचुरेशास्त्री

समुद्रपूर, गिरड व हिंगणघाट ह्या बाजूच्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी सेवाग्राम पाहिलेच असेल. तेथे गांधीजींच्या कुटीनजीक एक लहानशी झोपडी जतन करून ठेविली आहे; तिला परचुरे कुटी म्हणतात. पाहावयास येणारे बहुधा तिच्यावरून ओझरती नजर टाकून पुढे जातात. परंतु ज्या गृहस्थाचे नाव तिला मिळाले, त्याचे चरित्र आपल्या खेड्यांतील प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे असे आहे. कारण ज्या रोगाने त्यांस गाठले, तो आपल्या प्रांतातून अद्यापि समूळ गेलेला नाही.

दत्तात्रेय परचुरेशास्त्री हे संस्कृताचे गाढे पंडित होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास पत्करला, व सन १९३२ मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते. गांधीजीही त्या वेळी तेथेच कैदेत होते. शास्त्रीबुवांस महारोग जडला होता, म्हणून त्यांस इतर कैद्यांपासून निराळे ठेविले होते. गांधीजींस त्यांच्याकडे जाता येईना. तेव्हा पत्राने त्यांची विचारपूस चाले. जो मनुष्य सभेत मानाने बसावयाचा, तो अंगावरच्या चट्ट्यांमुळे तुरुंगातही एकटा पडला, ही गोष्ट किती दुःखाची!

पुढे सन १९३९ मध्ये, रोग बळावलेला असता, शास्त्रीबुवा सेवाग्रामास आले. आपले शेवटचे दिवस तेथे जावेत एवढीच त्यांची इच्छा होती. गांधीजींपुढे मोठा पेच पडला. आश्रमात स्त्रिया होत्या, मुले होती. त्या काळी ह्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. तथापि दारी आलेल्यास परत लावणे त्यांच्याने होईना. त्यांनी आश्रमवासीयांस विश्वासात घेतले, व आपल्या कुटीपासून थोड्याच अंतरावर शास्त्रीबुवांकरिता झोपडी उभारली. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा पाहत व त्यांच्या अंगास मालिश करीत. शास्त्रीबुवाही नुसते खाटेवर पडून राहिले नाहीत. प्रकृतीस आराम पडताच ते संस्कृत शिकवू लागले, व आश्रमातील विवाहप्रसंगी त्यांनी पौरोहित्यही केले. ज्याच्या सावलीस लोक भीत, त्याच्याच मुखाने वधूवरांस आशीर्वाद मिळाला.

पुढे ते वर्ध्यानजीक दत्तपूर येथे राहावयास गेले. तेथे श्री. मनोहर दिवाण ह्यांनी विनोबांच्या प्रेरणेने सन १९३६ मध्ये महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले होते. तेथेच सन १९४५ मध्ये शास्त्रीबुवांचा अंत झाला.

आता वाचकांनी विचार करावा की, शास्त्रीबुवांस कोणते साहाय्य मिळू शकले नाही. प्रेम मिळाले, सेवा मिळाली. खरे औषध तेवढे मिळाले नाही. ह्या रोगाचे जंतू नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन ह्यांनी सन १८७३ मध्येच शोधून काढले होते, परंतु पुढे कित्येक वर्षे कडूकवठाच्या तेलाखेरीज वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. डॅप्सोन हे औषध पुढे आले, आणि सन १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. आज सौम्य प्रकारास ६ महिने व दुसऱ्या प्रकारास १२ महिने औषध घेतले असता रोग बरा होतो. हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि ते सुरू होताच रोग्यापासून इतरांस लागण होण्याची भीती लवकरच नाहीशी होते.

असे असता रोगी पंगू का होतात? रोग ओळखला जात नाही म्हणून, किंवा ओळखूनही लपविला जातो म्हणून. ह्यास्तव त्वचेचे नेहमीचे विकार निरनिराळे ओळखता आले पाहिजेत.

खरुजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत फोड येतात, व घरातील अनेकांस ती एकदम होते. म्हणून औषध सर्वांनी एकाच वेळी लाविले पाहिजे व कपडे-अंथरूण उकळत्या पाण्यात धुतले पाहिजे. गजकर्णाची कड उंच व वर्तुळाकार असते, आणि त्यासही खाज सुटते. त्यावर दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडचे मलम लावू नये. त्याने दोन दिवस बरे वाटते व मग रोग अधिकच पसरतो. शिबे छातीवर, पाठीवर व मानेवर येतात, आणि खरवडल्यास त्यांचा कोंडा निघतो. कोड दुधासारखे पांढरे असते, त्या जागी स्पर्श नीट कळतो, आणि ते कोणासही लागत नाही.

महारोगाचा चट्टा मात्र फिकट किंवा तांबूस असून बहुधा खाजत नाही, दुखत नाही; म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. तेथे घाम येत नाही, केस विरळ होतात, स्पर्श कळेनासा होतो. कापसाची बारीक वात करून प्रथम डोळे उघडे असता चट्ट्यास लावून दाखवावी. मग डोळे मिटावयास सांगून, कोठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवावयास सांगावे. चट्ट्यावरचा स्पर्श न कळल्यास त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. हातापायांस मुंग्या येणे, चालता चालता वहाण पायातून निसटणे, डोळ्याची पापणी पुरती न मिटणे, हीही लक्षणे होत. स्पर्श कळतो म्हणून निश्चिंत मात्र राहू नये. ह्या रोगाच्या एका प्रकारात आरंभी चट्ट्यांची जाणीव कायम असते. शेवटचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा.

हा रोग शापाने होत नाही, व आईबापांकडून वारशानेही येत नाही. औषध न घेणाऱ्या रोग्याच्या दीर्घ सहवासाने, बहुतकरून श्वासावाटे, तो लागतो. आणि बहुतेकांच्या शरीरात त्यास रोखण्याची शक्ती असते. कायद्यानेही आता रोग्याची बाजू घेतली आहे. महारोग्यांस डांबून ठेवणारा सन १८९८ चा कायदा सन २०१६ मध्ये रद्द झाला. ह्या रोगाच्या कारणावरून नवराबायकोस काडीमोड मागता येत असे, तीही सोय सन २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या सन १८६९ च्या कायद्यातूनही ती गेली.

आमच्या उपदेशक बंधूंस घरोघर जावे लागते. एखादी सून पदराखाली दंड झाकते, एखादा शेतमजूर हात भाजला तरी कळत नाही म्हणतो. अशांस चारचौघांत विचारू नये, एकीकडे घेऊन ममतेने विचारावे, व स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात जावे. शास्त्रीबुवांनी आपला रोग लपविला नाही, आणि त्यांस हात लावावयास एक मनुष्य पुढे आला. त्यांस जे औषध मिळाले नाही ते आज आपल्या तालुक्यात फुकट मिळते. बरोबर जाणारा कोणी असला म्हणजे झाले.