३० लाख मेंढ्या मेल्या आणि २३ वर्षांचा एक तरुण गोगलगायी शोधत फिरला

१८७९ साली ब्रिटनमध्ये पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. कुरणांचा चिखल झाला आणि पाठोपाठ मेंढ्या मरू लागल्या. त्या साथीत सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या असं मानलं जातं. मेलेली मेंढी कापली की यकृतात पानासारखे चपटे कृमी सापडायचे. हाच लिव्हर फ्लूक. तो शेकडो वर्षांपासून माहीत होता, पण मेंढीच्या पोटात शिरतो कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीने हा प्रश्न ऑक्सफर्डपुढे ठेवला. प्राध्यापक जॉर्ज रोलस्टन यांनी त्यासाठी अल्जर्नन थॉमस यांचं नाव सुचवलं. थॉमस यांचा जन्म १८५७ चा, म्हणजे वय जेमतेम २३!

गोगलगायीचा यात हात असावा, असा संशय आधीपासून होता. पण कोणती गोगलगाय? थॉमस यांनी एकेक जात तपासली. संशय एका जातीवर आला, तर ती प्रयोगापुरतीही मिळेना. अखेर १८८२ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डजवळ नदीला पूर आला आणि तीच इवलीशी, चिखलात राहणारी गोगलगाय ढिगाने सापडली. ज्या ओलीने मेंढ्या मारल्या, तिनेच उत्तरही आणून दिलं.

साखळी अशी निघाली: मेंढीच्या लेंड्यांतून अंडी बाहेर पडतात. पाण्यात त्यातून अळी निघते आणि गोगलगायीच्या अंगात घुसते. तिथे एकीच्या अनेक होतात. मग त्या बाहेर पडून गवताला चिकटतात आणि ते गवत मेंढी खाते.

गंमत म्हणजे जर्मनीत लाइपझिगला रुडॉल्फ लॉयकार्ट हे साठीचे नामवंत शास्त्रज्ञ याच कोड्यामागे होते. दोघांचेही निष्कर्ष १८८२ मध्येच, काही दिवसांच्या अंतराने छापून आले. थॉमस यांनी मात्र शेतकऱ्यांना कामाचा सल्लाही दिला: कुरणातलं पाणी काढा, चुना किंवा मीठ टाका, ओलीत मेंढ्या चारू नका.

पुढच्याच वर्षी ते न्यूझीलंडला गेले आणि ऑकलंडच्या नव्या कॉलेजात प्राध्यापक झाले. १८८६ मध्ये तारावेरा ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याचाही अभ्यास त्यांनी केला. १९३७ मध्ये 'सर' किताब मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

रोग कसा पसरतो ते कळलं, पण जिवंत मेंढीत तो ओळखायचा कसा? लेंड्यांत अंडी शोधणं हा जुना मार्ग. पण कृमीची पिल्लं आधी यकृत पोखरत पित्तनलिकेकडे जातात आणि अंडी दिसायला साधारण १० ते १२ आठवडे लागतात. तोवर मेंढी मेलेलीही असू शकते. म्हणून नंतर एलायझासारख्या रक्तचाचण्या आल्या. कृमीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, रक्तात दोन ते चार आठवड्यांतच सापडतात.

यातही मेख आहेच. औषधाने कृमी मेले तरी प्रतिपिंडं काही महिने रक्तात राहतात, त्यामुळे मोठ्या मेंढीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर लागण आत्ताची की जुनी, ते कळत नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच चरायला गेलेल्या कोकरांचं रक्त तपासतात. त्यांच्यात प्रतिपिंडं दिसली, तर लागण याच हंगामातली असते.