राजांचे चेहरे रंगवणारा सराईवाल्याचा मुलगा : सर थॉमस लॉरेन्स

इतिहासाचे अध्ययन आणि अध्यापन करताना एक गोष्ट आम्हांला सतत जाणवत आली आहे. गतकाळातील माणसांची कृत्ये कागदपत्रांत उरतात. चेहरे मात्र फार थोड्यांचे उरतात. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी चित्रकाराचे मोल ज्याला देता आले, बहुधा त्याचाच चेहरा पुढच्या पिढ्यांना दिसला. नांगर धरणारा, जहाजावर ओझी वाहणारा, उसाच्या मळ्यात राबणारा माणूस चेहऱ्यावाचून आला आणि चेहऱ्यावाचून गेला. श्रीमंतांचे आणि सत्ताधीशांचे चेहरे जपून ठेवण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले, अशा एका इंग्रज चित्रकाराचे चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव सर थॉमस लॉरेन्स.

थॉमसचा जन्म १७६९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या गावी झाला. आईला सोळा अपत्ये झाली. त्यांतली पाचच जगली आणि त्या पाचांत थॉमस सर्वांत धाकटा. वडील आधी अबकारी खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी सराई चालवण्याचा धंदा धरला. थॉमस चार वर्षांचा असताना कुटुंब डिव्हायझेस या गावी आले. तेथील ‘ब्लॅक बेअर’ नावाची सराई लंडनहून बाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. बाथच्या उन्हाळ्यांच्या स्नानाला निघालेली धनिक मंडळी वाटेत तेथे उतरत. वडील आपल्या चिमुरड्या मुलाला या पाहुण्यांपुढे उभे करीत आणि कविता म्हणून दाखवू की तुमचा चेहरा काढू, असे विचारायला लावीत. मुलगा दोन्ही करी. समोर बसलेल्या माणसाचे नाक, हनुवटी, डोळ्यांतील भाव पेन्सिलीच्या चार रेषांत त्याला सापडत. त्याचे हे कसब पाहून पाहुणे चकित होत, आणि सराईचे नाव दूरवर जाई.

पण कौतुकाने धंदा चालत नाही. १७७९ साली वडिलांचे दिवाळे निघाले. सराई सुटली. कुटुंब ऑक्सफर्ड, वेमथ असे फिरत अखेर बाथला स्थिरावले, आणि दहा-अकरा वर्षांच्या थॉमसच्या पेन्सिलीवर सर्वांचे पोट आले. सहाव्या ते आठव्या वर्षांच्या दरम्यान झाले तेवढेच त्याचे शालेय शिक्षण. लॅटिन आणि फ्रेंच यांची तोंडओळख कोणीतरी करून दिली, इतकेच. ज्या वयात मुलाने शाळेच्या बाकावर बसावे त्या वयात तो गिऱ्हाइकांना समोर बसवून पेस्टल खडूने त्यांची लहान लंबवर्तुळाकार चित्रे काढीत होता. एका चित्राचे तो लवकरच तीन गिनी घेऊ लागला. १७८४ साली, पंधराव्या वर्षी, राफाएलच्या एका चित्राच्या नकलेबद्दल लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला चांदीची सोनेरी मुलाम्याची रंगपाटी बक्षीस दिली.

१७८७ साली तो लंडनला गेला. इंग्लंडच्या चित्रकलेत त्या वेळी सर जोशुआ रेनल्ड्स यांचा शब्द अखेरचा मानला जाई. रॉयल अकादमीच्या या वयोवृद्ध अध्यक्षांनी मुलाचे काम पाहिले आणि जुन्या चित्रकारांपेक्षा निसर्गाचा अभ्यास कर, असा सल्ला दिला. लॉरेन्स अकादमीच्या शाळेत दाखल झाला, पण तेथे फार काळ टिकला नाही. तैलरंगाचे काम त्याने मुख्यतः स्वतःच्या धडपडीने आत्मसात केले. आणि अवघ्या दोन वर्षांत, विसाव्या वर्षी, त्याला विंडसरच्या राजवाड्यातून बोलावणे आले : राणी शार्लट हिचे चित्र काढायचे होते.

हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. राणी खिडकीजवळ बसली आहे, मागे झाडांची पाने शरदात तांबूस होत आहेत आणि दूरवर ईटनच्या विद्यालयाची इमारत दिसते. चेहऱ्यावर थकवा आहे. आदल्याच वर्षी राजा तिसरा जॉर्ज याला वेडाचा झटका येऊन गेला होता. तरुण चित्रकाराने राणीपण बाजूला ठेवून त्या थकलेल्या बाईला पाहिले. राजाराणीला मात्र चित्र रुचले नाही. राणीचे डोके उघडे दाखवले हेही खटकले. त्यांनी ते घेतले नाही, आणि ते लॉरेन्सच्या चित्रशाळेत त्याच्या मृत्यूपर्यंत पडून राहिले. परंतु १७९० च्या अकादमी प्रदर्शनात हेच चित्र आणि अभिनेत्री एलिझाबेथ फॅरन हिचे उभे चित्र लोकांनी पाहिले, आणि लंडनमध्ये लॉरेन्सचे नाव झाले. फॅरनच्या चित्रातील पांढऱ्या साटिनचा झगा आणि त्याला लावलेली फर पाहताना कापडावर हात फिरवावासा वाटतो.

पुढची चढण वेगाने झाली. १७९२ साली रेनल्ड्स वारले आणि राजाचा चित्रकार हे पद तेविशीच्याही आतल्या लॉरेन्सकडे आले. १७९४ साली तो अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. घराणे नाही, विद्यापीठ नाही, खिशात पैसा नाही. केवळ हाताच्या कसबावर सराईवाल्याच्या मुलाला हे सारे मिळाले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

मात्र येथेच थांबून एक चित्र नीट पाहावे लागेल. १७९४ साली लॉरेन्सने सेरा बॅरेट मोल्टन या अकरा वर्षांच्या मुलीचे चित्र काढले. ते ‘पिंकी’ या नावाने जगभर प्रसिद्ध आहे आणि आज अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन संग्रहालयात आहे. टेकडीवर उभी असलेली मुलगी, पांढरा झगा, कमरेला गुलाबी पट्टा, वाऱ्यावर उडणाऱ्या टोपीच्या फिती, मागे मोकळे आकाश. मुलगी जमैका बेटावरची. शिक्षणासाठी इंग्लंडला आलेली. तिकडे राहिलेल्या आजीला नात दिसेना, म्हणून आजीने हे चित्र काढून घेतले. पुढच्याच वर्षी, १७९५ च्या एप्रिलमध्ये ती पोर मरण पावली. चित्र पाहून कोणाचेही मन हेलावते, आमचेही हेलावले.

परंतु या घराण्याची संपत्ती जमैकातील उसाच्या मळ्यांतून आली होती, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत होते. त्या मळ्यांतही अकरा वर्षांच्या मुली होत्या. त्यांनाही आज्या होत्या. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत. यात लॉरेन्सला आरोपी करण्याचा आमचा हेतू नाही. त्याने मागितलेले चित्र दिले. पण चित्र पाहताना चौकटीच्या आत कोण आहे याबरोबर चौकटीच्या बाहेर कोण राहिले हेही विचारावे, एवढे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

लॉरेन्सला कमाई मोठी होती, तरी तो जन्मभर कर्जात राहिला. तो जुगारी नव्हता, व्यसनी नव्हता. लहानपणापासून घराचा भार त्याच्यावर पडला होता. हिशेब ठेवणे त्याला कधी कोणी शिकवले नाही. मागण्या इतक्या येत की तो आगाऊ पैसे घेऊन चेहरा रंगवी आणि उरलेले चित्र वर्षानुवर्षे तसेच पडे. कूट्स हा पेढीवाला आणि जॉन ज्युलियस अँगरस्टाइन हा व्यापारी यांनी त्याला सावरले. अँगरस्टाइनचा व्यवसाय लंडनच्या लॉइड्समध्ये जहाजांच्या विम्याचा होता, आणि गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचेही विमे त्या काळी तेथेच उतरत. लॉरेन्स लग्नावाचून राहिला. अभिनेत्री सेरा सिडन्स हिच्या दोन मुलींवर त्याचा पाठोपाठ जीव जडला, आणि त्या दोघीही तरुणपणीच वारल्या.

व्यक्तिचित्रे काढीत राहण्याची त्याची इच्छा नव्हती. महाकाव्यांतील भव्य प्रसंग रंगवावेत ही त्याची आकांक्षा होती. १७९७ साली त्याने मिल्टनच्या काव्यावरून आपल्या सैन्याला हाक देणाऱ्या सैतानाचे प्रचंड चित्र प्रदर्शनात मांडले. टीकाकारांनी त्याची टर उडवली. ऋणकोला धाडस परवडत नाही. लॉरेन्स पुन्हा सरदारांच्या आणि त्यांच्या बायकांच्या चेहऱ्यांकडे वळला, तो कायमचा.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर इंग्लंडच्या राजप्रतिनिधी युवराजाने विजयी राजे, मुत्सद्दी आणि सेनापती यांची चित्रे काढण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. १८१५ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. या मालिकेत वेलिंग्टनचा ड्यूक राज्याची तलवार हाती धरून उभा आहे. महाराष्ट्राच्या वाचकाला हा गृहस्थ अपरिचित नाही : १८०३ साली जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. १८१८ मध्ये लॉरेन्स आखेनच्या परिषदेला गेला, तेथून व्हिएन्नाला आणि मग रोमला. रशियाचा झार, ऑस्ट्रियाचा सम्राट, प्रशियाचा राजा त्याच्यापुढे बैठकीला बसले. रोममध्ये त्याने पोप सातवा पायस याचे चित्र काढले. सिंहासनावर बसलेल्या या वृद्धाने नेपोलियनची कैद सोसली होती. कृश देह आणि जागे डोळे असे ते चित्र लॉरेन्सच्या सर्वोत्तम चित्रांत गणले जाते. ही मालिका आज विंडसरच्या ‘वॉटर्लू चेंबर’ या दालनात आहे. १८२० च्या मार्चमध्ये तो इंग्लंडला परतला आणि त्याच दिवशी रॉयल अकादमीने त्याला अध्यक्ष निवडले. ज्या अकादमीच्या शाळेत तो टिकला नाही, तिच्या सर्वोच्च आसनावर तो दहा वर्षे बसला.

शाळा सुटली, पण शिकणे सुटले नव्हते. राफाएल आणि मायकेलअँजेलो यांच्यासारख्या चित्रकारांची मूळ रेखाटने त्याने कर्ज काढून जमवली; खाजगी मालकीचा असा संग्रह क्वचितच कोणाकडे झाला असेल. १८२४ साली अँगरस्टाइनच्या संग्रहातील ३८ चित्रे सरकारने विकत घेतली आणि त्यांतून लंडनची नॅशनल गॅलरी उभी राहिली. त्या खटपटीत लॉरेन्सचाही वाटा होता. श्रीमंताच्या दिवाणखान्यातली चित्रे सर्वांसाठी खुली झाली, ही या आयुष्यातील एक मोठी गोष्ट आम्ही मानतो.

१८२८ साली त्याच्यापुढे एक वेगळा माणूस येऊन बसला. विल्यम विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात वीस वर्षे झुंज दिली होती. १८०७ साली तो व्यापार कायद्याने बंद झाला. आता ते म्हातारे झाले होते. पाठीचा कणा वाकला होता, मान पुढे झुकली होती. लॉरेन्सने ते व्यंग झाकले नाही आणि उघडेही पाडले नाही. ऐकणाऱ्या माणसाने मान कलती करावी तसा तो चेहरा त्याने रंगवला, आणि त्यात अपार माया ओतली. चेहरा पुरा झाला. खांदे, हात, खुर्ची केवळ रेषांत राहिली. साटिन नाही, फर नाही, किताबाचे पदक नाही. चित्र अपुरे राहिले, कारण ७ जानेवारी १८३० रोजी लॉरेन्सचा अंत झाला. सेंट पॉल्सच्या कॅथीड्रलमध्ये त्याला मोठ्या सन्मानाने पुरले. मागे अपुऱ्या कॅनव्हासांची रास आणि कर्ज उरले. त्याची रेखाटने मृत्युपत्राप्रमाणे राजाला १८,००० पौंडांत देऊ केली होती. राजाने घेतली नाहीत, इतरांनीही नाही, आणि संग्रह फुटला. राफाएल आणि मायकेलअँजेलो यांचा बराच भाग पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाने मिळवला, म्हणून तो आज विद्यार्थ्यांना पाहता येतो. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली, विल्बरफोर्स यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात झाला.

‘पिंकी’ आणि विल्बरफोर्स ही दोन्ही चित्रे एकाच हातची आहेत. एका चित्राचे मोल गुलामांच्या घामातून आले. दुसऱ्यात त्यांच्या बेड्या तोडण्यासाठी झटलेल्या माणसाचा चेहरा आहे. कसब दोन्हीकडे तेच. कसब कोणाच्या कामी यावे हे कसब स्वतः ठरवीत नाही. ते धरणाऱ्या माणसाला ठरवावे लागते, आणि ठरवण्याइतका तो मोकळा असावा लागतो. लॉरेन्स तसा मोकळा क्वचितच होता. दहाव्या वर्षी घराचे ओझे त्याच्या पाठीवर आले आणि ते अखेरपर्यंत उतरले नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्या पाठीवर आज दप्तर आहे, घराचे ओझे नाही. हे दिवस कोणी तरी कष्टाने तुमच्यासाठी मोकळे केले आहेत. हात तयार करा, हिशेबही शिका. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा पेन्सिल घेऊन आपल्या आजीला समोर बसवा. तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या, ऊन सोसलेले गाल, कामाने जाड झालेली बोटे नीट पाहून काढा. खाली तिचे पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. तिच्या आईचा आणि आजीचा चेहरा कोणी काढला नाही. तिचा तरी उरू द्या.