मायकेल फॅरडे व सायकलीचा दिवा

रात्रीं सायकलीवरून परगांवाहून परतणाऱ्यास दिव्याची किंमत सांगावयास नको. बाटलीच्या आकाराचा डायनामो टायरावर घासून चालतो. त्यानें चाक जड होतें, आणि पावसांत तो घसरून दिवा मंदावतो. अलीकडे मात्र चाकास स्पर्शही न करितां वीज उत्पन्न करणारे दिवे निघाले आहेत. ह्या सर्वांचें मूळ ज्यांच्या शोधांत आहे, त्या मायकेल फॅरडे ह्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

फॅरडे ह्यांचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथें एका लोहाराच्या घरीं झाला. बाप आजारी, घरीं दारिद्र्य. त्यामुळें शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेंच झालें. पुढें ते एका पुस्तकविक्याकडे सात वर्षें पुस्तकें बांधण्याचें काम शिकले. बांधावयास आलेलीं पुस्तकें ते वाचीत. सन १८१२ त सर हंफ्रे डेव्ही ह्यांचीं चार व्याख्यानें ऐकून त्यांचीं टिपणें त्यांनीं स्वतः बांधून डेव्हींस पाठविलीं. पुढच्याच वर्षीं त्यांस रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मदतनिसाची जागा मिळाली.

विजेनें लोखंडास चुंबकत्व येतें, हें तेव्हां ठाऊक होतें. मग चुंबकापासून वीज कां निघूं नये, ह्या प्रश्नानें त्यांस अनेक वर्षें घेरलें होतें. चुंबक तारेजवळ नुसता ठेवून कांहींच होईना. ता. १७ ऑक्टोबर १८३१ रोजीं त्यांनीं तारेच्या वेटोळ्यांत चुंबक झटकन सारला, आणि वीजमापकाचा कांटा हालला. चुंबक थांबतांच कांटा जागेवर आला. बाहेर ओढतांच उलट दिशेस वळला. मर्म नुसत्या चुंबकांत नव्हतें, त्याच्या हालण्यांत होतें. त्याच महिन्याच्या २८ व्या तारखेस चुंबकाच्या दोन टोकांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून त्यांनीं अखंड प्रवाह मिळविला.

बाटलीच्या डायनामोंत हेंच तत्त्व आहे; नव्या दिव्यांत घर्षण तेवढें टळलें. एका प्रकारांत स्पोकांवर चुंबक बसवितात. चाकाबरोबर ते दिव्यांतील वेटोळ्याजवळून जातात, व त्यांत वीज उत्पन्न होते. दुसऱ्या प्रकारांत चाकावर कांहींच लावावें लागत नाहीं. अॅल्युमिनियमची रिम त्या तांब्याच्या तबकडीप्रमाणें दिव्यांतील चुंबकाजवळून फिरते. रिमेंत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात, व त्यांच्या जोरानें तो चुंबक फिरून वेटोळ्यांत वीज उत्पन्न करितो. पोलादी रिमेवर हा प्रकार चालत नाहीं. ही वीज फुकटची नव्हे. तिचें मोल पायांनींच द्यावें लागतें, पण तें अल्प असतें. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरीं २००४-०५ सालीं ३,८४५ सायकलस्वारांवर प्रयोग झाला. त्यांत असे दिवे अहोरात्र चालू ठेवणाऱ्यांस १९ टक्के कमी अपघात झाले.

फॅरडे सँडेमनियन नांवाच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे सभासद व कांहीं काळ वडील होते. त्यांनीं सरदारकीची पदवी नाकारली व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद दोनदां नाकारलें. परंतु दीपगृहांच्या कामीं सुमारें तीस वर्षें सल्ला दिला. सन १८५८ त साउथ फोरलंड दीपगृहांत चुंबकयंत्राच्या विजेचा दिवा लागला, तेव्हां त्याची परीक्षा त्यांनींच केली. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं ते निवर्तले व हायगेट येथील साध्या कबरेंत विसावले. लोहाराच्या ह्या मुलानें मोठेपण दूर सारिलें. पण समुद्रावरील खलाशापासून सायकलीवरील वाटसरूपर्यंत अनेकांची वाट त्याच्या श्रमानें उजळली आहे.