कापड दुकानदार शास्त्रज्ञ लेव्हेनहूक

मी आज तुम्हाला एका परदेशी शास्त्रज्ञाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव आंतोन व्हान लेव्हेनहूक. हे नाव म्हणताना आधी माझी जीभच वळेना. गुरुजींनी फळ्यावर तीनदा लिहून दिले तेव्हा कुठे जमले.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंड देशातील डेल्फ्ट या गावी झाला. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांपेक्षा ते दोनच वर्षांनी लहान. वडील टोपल्या विणत असत. आंतोन लहान असतानाच वडील वारले. सोळाव्या वर्षी तो अ‍ॅमस्टरडॅम शहरात एका कापडाच्या दुकानात काम शिकायला गेला. १६५४ साली परत येऊन त्याने गावात स्वतःचे कापडाचे दुकान घातले. कापड चांगले की वाईट हे ठरवायला त्या वेळी दुकानदार भिंगातून धागे मोजत. भिंगाचा नाद त्यांना तिथूनच लागला असेल असे मला वाटते.

१६६० साली त्यांना गावच्या कचेरीत नोकरी लागली. खोली उघडायची, बंद करायची, साफ ठेवायची आणि थंडीत शेकोटी पेटवायची. कॉलेजात ते कधी गेलेच नाहीत. त्या काळी विद्वान लोक लॅटिन भाषेत लिहीत. यांना लॅटिन येत नव्हती आणि इंग्रजीही येत नव्हती. आपली डच भाषा तेवढी येत होती.

ते स्वतः काच घासून भिंगे तयार करत. काही भिंगे तर मोहरीएवढी लहान. पितळेच्या नाहीतर चांदीच्या दोन पत्र्यांच्या मध्ये भिंग बसवायचे. पाहायची वस्तू सुईच्या टोकावर ठेवायची, स्क्रू फिरवून ती पुढे-मागे करायची आणि यंत्र डोळ्याजवळ अगदी टेकवून पाहायचे. हाच त्यांचा सूक्ष्मदर्शक. तो आपल्या तळहातात मावेल एवढाच होता, पण त्यांच्या एका भिंगातून वस्तू अडीचशे पटीहून मोठी दिसे. अशी पाचशेच्या वर भिंगे त्यांनी केली.

त्यातून त्यांनी काय काय पाहिले! मधमाशीची नांगी पाहिली, ऊ पाहिली, बुरशी पाहिली. १६७३ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पहिले पत्र पाठवले. ही मोठमोठ्या शास्त्रज्ञांची संस्था. पत्र डच भाषेतच होते. तिकडच्या लोकांनी त्याचे भाषांतर करून घेतले.

आता मिऱ्यांची गंमत सांगतो. मिरी तिखट का लागते हे त्यांना शोधायचे होते. त्यांना वाटले, मिऱ्यावर बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील. म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. तीन आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब पाहिला तर काटे कुठेच नाहीत, पण इवलेसे प्राणी नुसते वळवळत होते! हे १६७६ साली घडले. त्यांनी मोठे लांबलचक पत्र लिहून लंडनला कळवले.

पण तिकडे कुणाला खरं वाटेना. एवढ्याशा थेंबात हजारो प्राणी कसे मावतील? त्यातून सांगणारा कोण, तर एक कापड दुकानदार. मी असतो तर रडलोच असतो, नाहीतर भांडलो असतो. लेव्हेनहूक भांडले नाहीत. त्यांनी गावातल्या आठ प्रतिष्ठित लोकांना बोलावले, त्यांना थेंब दाखवला आणि त्यांच्याकडून तसे लिहून घेऊन ते कागद लंडनला पाठवले. लंडनमध्येही मिऱ्याचे पाणी करून पाहिले. सुरुवातीला काहीच दिसेना. मग १६७७ साली रॉबर्ट हूक यांनी जास्त चांगल्या भिंगातून पाहिले आणि सगळ्यांना दाखवले. तेव्हा खात्री पटली. १६८० साली रॉयल सोसायटीने लेव्हेनहूक यांना सभासद करून घेतले.

ते रोज मिठाने दात घासत, आमच्या आजीसारखे. तरी दातांवरचा मळ काढून पाहिला तर त्यातही प्राणी! मग ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडातले पाहिले. तिथे तर फारच निघाले. १६९८ साली रशियाचा राजा पीटर त्यांना भेटला. त्याला त्यांनी वाम माशाच्या शेपटीत रक्त कसे वाहते ते दाखवले.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. चांगले भिंग कसे करायचे आणि ते कसे पाहायचे याची त्यांची खास युक्ती त्यांनी कुणालाच शिकवली नाही. शिकवली असती तर पुढचे काम लवकर झाले नसते का? त्यांची स्वतःची पाच मुले, त्यांतली चार लहानपणीच वारली. मारिया नावाची एकच मुलगी जगली. या बारीक प्राण्यांमुळे रोग होतात हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. ते १८७६ साली जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी काळपुळी रोगावर काम करून दाखवले. मिऱ्याच्या पाण्यानंतर बरोबर २०० वर्षांनी!

लेव्हेनहूक २६ ऑगस्ट १७२३ रोजी वारले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मारियाने चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक एका पेटीतून लंडनला पाठवले. पुढे ते तिथून हरवले. ऐकून मला फार वाईट वाटले.

मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला खूप जुलाब झाले होते. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की आजी ओरडते. तिचे म्हणणे, पाणी एवढं नितळ दिसतंय, वास कशाला मारायचा? मी तिला लेव्हेनहूक यांची सगळी गोष्ट सांगितली. तिला ती खोटीच वाटली. आम्ही वर्गात मिरी भिजत घालून गुरुजींच्या भिंगातून पाहिले, पण ते भिंग कमी पडले. हायस्कूलमध्ये सूक्ष्मदर्शक आहे. गुरुजी आम्हाला शनिवारी तिथे नेणार आहेत. आजीनेही यायचे कबूल केले आहे. आमच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून मी बरोबर घेणार आहे.