गोदावरी परुळेकर : लग्नगडीमुक्तीचा लढा आणि पुरुषांची जबाबदारी

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• गोदावरी परुळेकर यांच्या जीवनकार्याचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• लग्नगडी पद्धती आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• असा अत्याचार रोखण्यात पुरुषांचा सहभाग कसा घडतो, याची चर्चा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, डहाणूहून पूर्वेकडे निघाले की समुद्रकाठच्या चिकूच्या वाड्या मागे पडतात आणि आशागडच्या बाजूने वारली पाड्यांचा मुलूख सुरू होतो. डहाणू आणि तलासरी हे तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात मोडत. याच मुलखात १९४५ साली वारली स्त्री-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी झुगारून दिली. त्या लढ्याचा इतिहास सामान्यतः मजुरी, वेठ आणि जमीन यांच्या संदर्भात सांगितला जातो. त्याच लढ्याची दुसरी बाजू स्त्रियांच्या देहावरील जमीनदारी सत्ता संपवण्याची होती. ही बाजू समजून घेण्यासाठी गोदावरी परुळेकर यांचे चरित्र आपण पाहणार आहोत.

२. जडणघडण

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील नामवंत वकील होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदे-पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९३२ मध्ये सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास पत्करला. पुढे मुंबईत भारत सेवक समाजाचे आजीव सदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. साक्षरता प्रसार आणि घरकामगारांची संघटना या कामांतून श्रमिकांच्या प्रश्नांशी त्यांचा जवळून परिचय झाला.

१९३९ साली त्यांचा शामराव परुळेकर यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी दोघांनी कम्युनिस्ट पक्षाचे कार्य स्वीकारले आणि युद्धविरोधी प्रचारासाठी दोघांनी तुरुंगवासही भोगला. पुढील सर्व कार्य या दांपत्याने बरोबरीने केले. जानेवारी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या मोजक्या वारल्यांमध्ये माह्या धांगडा हे होते. त्यांच्या मुलखातील परिस्थिती ऐकल्यानंतर परुळेकर पतिपत्नींनी तिकडे जाण्याचे ठरवले.

३. लग्नगडी : शब्द आणि व्यवस्था

वारली तरुणाला लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे लागे. त्या कर्जाच्या मोबदल्यात तो सावकाराकडे गडी म्हणून राबे. हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि अक्षरओळख नसलेला ऋणको त्या वहीबाहेर, अशी स्थिती असल्याने कर्ज कधीच फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत.

भाषेच्या अभ्यासकाने या शब्दाजवळ क्षणभर थांबावे. लग्नापायी झालेला गडी तो लग्नगडी, असा या समासाचा विग्रह करता येईल. शब्दात गडी आहे, पण ज्या स्त्रीशी लग्न झाले तिचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात पतीबरोबर तीही बांधली जाई. तिने जमीनदाराच्या घरी व शेतावर राबावे, हे तर गृहीतच असे. शिवाय तिच्या देहावरही आपला अधिकार आहे, असे मालक मानत असे. पुरुषाच्या बंधनाला शब्द मिळाला आणि स्त्रीवरील अत्याचार त्या शब्दाच्या पोटात अदृश्य राहिला. १९३८च्या सुमारास सायमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीतही वेठबिगारीबरोबर या शोषणाची नोंद झाली होती. परंतु अहवाल दप्तरात राहिला आणि पाड्यांवरचे जीवन होते तसेच चालू राहिले.

पतीची कोंडी येथे नीट समजून घेतली पाहिजे. ज्या कर्जामुळे त्याचा संसार उभा राहिला, त्याच कर्जामुळे पत्नी मालकाच्या हाती सापडे. विरोध करणाऱ्याला अमानुष मारहाण होई. एकट्या पुरुषाचा प्रतिकार चिरडणे सोपे होते, म्हणून तो गप्प राहत असे आणि त्याच्या या गप्प राहण्यावर व्यवस्था टिकून होती.

४. झरी ते तलवाडा

२३ मे १९४५ रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. हजारो आदिवासी जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर कामाला जायचे नाही, असे निर्णय तेथे झाले. परिषदेनंतर तरुणांचे जथे गावोगाव फिरले. जमीनदारांच्या घरी अडकलेल्या लग्नगड्यांना त्यांनी कुटुंबासह मोकळे केले. कर्जाची वही जमीनदाराकडेच राहिली, पण त्या वहीची जरब संपली.

या घटनेचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. स्त्रियांच्या रक्षणासाठी तेथे स्वतंत्र पथक उभारले गेले नव्हते. पुरुषाने मालकाच्या दारी बांधून राहणे नाकारले, तेव्हा पत्नीला त्याच्या दारी नेणारा दोरही तुटला. एका पाड्यावरील दांपत्याचा प्रश्न इतर पाड्यांवरील पुरुषांनी आपला मानला. एकट्याला जे अशक्य होते, ते शेजाऱ्यांच्या साथीने शक्य झाले.

याची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये गवत कापणीच्या मजुरीचा लढा सुरू असताना, तलवाडा येथे सभा असल्याची खोटी बातमी पसरवण्यात आली. जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथेही गोळीबारात पाच आदिवासींनी प्राण गमावले. गोदावरीबाईंवर जिल्हाबंदी आली, तरी संघटना मोडली नाही.

५. पुढील कार्य आणि लेखन

१९६१ मध्ये आदिवासी प्रगती मंडळाची स्थापना करून त्यांनी शिक्षणाकडे लक्ष दिले. शामराव १९५७ साली लोकसभेवर निवडून गेले होते. १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असताना त्यांचे निधन झाले. त्यानंतर गोदावरीबाईंनी या लढ्याचा वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिला. १९७० साली प्रकाशित झालेल्या या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्रंथाच्या शीर्षकातील ‘माणूस’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. व्याकरणात तो पुल्लिंगी असला, तरी ‘माणसे’ म्हणताच त्यात स्त्रियाही येतात. ‘लग्नगडी’ या शब्दाने जिला वगळले, तिला ‘माणूस’ या शब्दाने सामावून घेतले.

६. मूल्यमापन आणि समारोप

कायदा या अनुभवापर्यंत उशिरा पोहोचला. वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ चा आहे. महाराष्ट्रातील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यानंतर देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. सत्तेच्या ताब्यात असलेल्या स्त्रीचे मौन म्हणजे संमती नव्हे, हे त्यामुळे कायद्याने अधिक स्पष्टपणे मानले. कर्जात अडकलेल्या घरातील स्त्रीच्या बाबतीतही संमतीचा प्रश्न असाच होता.

या लढ्याची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. झरीच्या काळी अत्याचारी बाहेरचा होता, म्हणून त्याच्याविरुद्ध एकत्र येणे तुलनेने सोपे होते. अत्याचारी घरातला, नात्यातला किंवा मित्रांच्या टोळक्यातला असतो, तेव्हा पुरुषांची कसोटी अधिक कठीण असते. शिवाय ‘आमच्या बायकांची अब्रू’ या भावनेने केलेले रक्षण पुढे तिच्यावरील पहारा बनू शकते. स्त्रीचा देह तिचा स्वतःचा आहे, ही जाणीव त्या रागाच्या मुळाशी असावी लागते.

तरीही झरीची रीत आजही उपयोगी आहे. झाकलेल्या गोष्टीला चारचौघांत नाव द्यावे, निर्णय सामूहिक असावा आणि तो पाळण्यासाठी शेजाऱ्याने पुढे यावे. आपल्यापैकी अनेकजण पालक आहेत, काही शिक्षक आहेत, काही कारखान्यात किंवा शेतावर काम करतात. मुलीची छेड काढून हसणाऱ्या घोळक्यात आपला मुलगा असेल, तर त्याने हसण्यात सामील होऊ नये आणि घरी येऊन ते सांगावे, एवढे वळण घरात लावता येते. १९४५ मध्ये पाड्यांवरील तरुणांनी जीव धोक्यात घालून मौन सोडले होते. आपल्याकडून होणारी अपेक्षा त्यामानाने फारच लहान आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘लग्नगडी’ या शब्दाचा विग्रह करून त्यात काय सूचित होते व काय अनुल्लेखित राहते, ते लिहा.
२. झरी परिषदेनंतर स्त्रियांवरील अत्याचाराचे एक कारण कसे दूर झाले, ते स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील किंवा कामाच्या ठिकाणच्या पुरुषांचे मौन कोणत्या प्रसंगी अत्याचाराला बळ देते, याविषयी दहा ओळी लिहा.