डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चिनी भाषेचा एक मराठी विद्यार्थी



डॉ. कोटणीस म्हटलं की आपल्याला त्यांची रुग्णसेवा आणि त्याग आठवतो. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपटही आठवतो. पण हे डॉक्टर चिनी भाषेचे विद्यार्थीही होते, ही गोष्ट पाठात मागेच राहून जाते. मोठ्या वयात, पदवी घेतल्यानंतर परकी भाषा शिकणाऱ्याला ती किती आली हे कसं ओळखायचं? चिनी-जपानीच्या एम.ए.च्या वर्गातही हाच प्रश्न असतो. या चरित्रात त्याचं उत्तर सापडतं.

बालपण व शिक्षण

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनच्या विनंतीवरून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. त्यात अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी होते. यातले डॉ. चोळकर आपल्या शेजारच्या नागपूरचे. तिवसा तर अमरावती-नागपूर रस्त्यावरच आहे, म्हणून आपल्या मुलांना हे नाव आवर्जून सांगावं. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघालं.

भाषेची पहिली पायरी

चीनमध्ये गेल्यावर पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडलं गेलं. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'के दीहुआ'. नाव लगेच मिळालं, भाषा मात्र मिळवावी लागली.

चिनी भाषेत आपल्यासारखी बाराखडी नाही. हजारो चिन्हं एक-एक करून पाठ करावी लागतात. त्यात सुरांचा फरक. 'मा' हाच उच्चार सूर बदलला की आई होतो, घोडा होतो, नाहीतर शिव्या देणं होतो! कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, हे डॉक्टरला नीट समजलं नाही तर नुकसान रोग्याचं. म्हणजे प्रत्येक रोगी हा एक छोटा तोंडी पेपरच होता.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. तरीही ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. पुढे कोटणीस आघाडीजवळच्या डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करू लागले.

खरी कसोटी

जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचं हे रुग्णालय. तिथल्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिकवत, आणि तेही चिनी भाषेतून!

शिक्षक म्हणून आपल्याला याचं मोल कळेल. रोग्याशी बोलायला थोडकी वाक्यं पुरतात. पण वर्गात उभं राहिलं की विषय समजावून सांगावा लागतो, मुलांचे प्रश्न ऐकावे लागतात, न समजल्यास दुसऱ्या शब्दांत सांगावं लागतं. त्यांचे विद्यार्थी उद्या जखमींवर उपचार करणार होते. गुरूचं वाक्य चुकीचं समजलं तर चूक त्यांच्या हातून झाली असती.

त्यापुढची पायरी लिखाणाची. शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहायचं काम त्यांनी हाती घेतलं. १९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचारिकांच्या शिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन.

अतिश्रमाने तब्येत ढासळली होती, फिट्स येत होत्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुस्तकाचं काम अपुरंच राहिलं. आज त्यांची समाधी हेबेई प्रांतात शिजियाझुआंग इथल्या हुतात्मा स्मारकात आहे.

आपण काय घ्यायचं?

ऐकणं, बोलणं, शिकवणं, लिहिणं अशा चार पायऱ्या त्यांनी चार वर्षांत चढल्या. प्रत्येक पायरीवर ऐकणारा किंवा वाचणारा खरा होता.

आज आपल्या भागातली मुलंही पुण्या-मुंबईला जाऊन जपानी, चिनी शिकतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांची असते. तिच्यात वाचन, ऐकणं, शब्द आणि व्याकरण तपासतात, पण बोलण्याचा किंवा निबंधाचा भाग नसतो. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतंच, त्यात वाद नाही. परंतु एम.ए.च्या वर्गाने तेवढ्यावर थांबू नये. विद्यार्थ्याने आपला विषय त्या भाषेत अर्धा तास समजावून द्यावा, प्रश्नांना उत्तरं द्यावीत आणि स्वतःचा एक मोठा लेख लिहावा. वर्षातून एकदाच न तपासता टप्प्याटप्प्याने तपासावं, म्हणजे कुठं अडतंय ते वेळेत दिसतं.

हे फक्त परदेशी भाषांपुरतं नाही. आपल्याच जिल्ह्यात मेळघाटात कोरकू बोलणारी लेकरं पहिलीत येतात. तिथल्या गुरुजींना कोरकू किती आली, हे ते लेकरू त्यांच्याशी मोकळं बोलायला लागलं की कळतं.

वर्गात घेण्यासाठी :
१. 'हुआ' या अक्षराचा अर्थ काय?
२. कोटणीसांना चिनी भाषा कोणकोणत्या कामांसाठी लागली?
३. तुम्हाला येणाऱ्या दुसऱ्या भाषेत दोन मिनिटं एखादी कृती समजावून सांगा. ऐकणाऱ्याने ती करून दाखवावी.

तिसरा उपक्रम पालकांनी घरी घेतला तरी चालेल. पोळी करायची कृती इंग्रजीत सांगता आली, तर मुलाला इंग्रजी किती येतं ते गुणपत्रिकेआधीच समजेल.