सारसाच्या अंड्यांचे दिवस मोजणारा बादशाह

बादशाह जहांगीर म्हटलं की आपल्या घरांत आधी आठवतो तो मुघल-ए-आझममधला शहजादा सलीम. अनारकली, भिंत, बापाशी झगडा. फार तर आग्र्याच्या किल्ल्यावरून खाली सोडलेली इन्साफची साखळी. अनारकलीचा इतिहासात ठाम पुरावा सापडत नाही, पण सिनेमाने तिला असं काही अमर केलंय की तिच्यापुढे खरा सलीम दिसेनासाच झाला. आम्हाला आज त्या दुसऱ्या सलीमबद्दल सांगायचंय. ज्याच्या पदरी हत्ती, चित्ते, शेर, सारस, टर्की असा जगावेगळा कुटुंबकबिला होता, आणि सारस पक्षी अंड्यांवर किती दिवस बसतो हे ज्याने स्वतः मोजून लिहून ठेवलं, तो सलीम.

जन्म ३१ ऑगस्ट १५६९, फतेहपूर सिक्री. अकबराची मुलं जगत नव्हती. शेख सलीम चिश्ती यांच्या दुआने हा मुलगा झाला, अशी अकबराची श्रद्धा होती, म्हणून नावही सलीमच ठेवलं. बाप लाडाने त्याला शेखूबाबा म्हणायचा. आई आमेरच्या राजपूत घराण्यातली. फारसी पक्की, तुर्कीही येत होती. पुढे तरुणपणी बापाविरुद्ध बंड करून अलाहाबादेत वेगळा दरबार मांडला, मग समेट झाला, आणि १६०५ मध्ये अकबराच्या इंतकालनंतर तो नुरुद्दीन मुहम्मद जहांगीर या नावाने तख्तावर बसला. दारू आणि अफूचं व्यसन त्याला फार लवकर लागलं होतं. दोन्ही भाऊ, मुराद आणि दानियाल, त्या दारूपायीच गेले. स्वतःच्या या सवयीबद्दलही त्याने आपल्या रोजनिशीत, म्हणजे तुझुक-ए-जहांगीरीत, काही लपवलेलं नाही. किती प्याले रिचवायचो, हात कसे थरथरायचे, सगळं लिहिलंय. त्यामुळे हाच माणूस प्राण्यांबद्दल लिहितो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता चित्त्यांची गोष्ट. अकबराला चित्त्यांचं वेड होतं. एका वेळी हजारभर चित्ते त्याच्या पदरी होते, असं जहांगीर सांगतो. हे चित्ते पाळून, शिकवून हरणांच्या शिकारीला सोडत. अकबराची मोठी इच्छा होती की यांची पिलावळ इथेच व्हावी. नर-मादीचे गळपट्टे काढून त्यांना बागेत मोकळं सोडून पाहिलं, तरी काही झालं नाही. मग जहांगीरच्या काळात, साधारण १६१३ मध्ये, एक नर आपला गळपट्टा तोडून निसटला, मादीपाशी गेला, आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली. ती मोठीही झाली. बादशहाने हा प्रकार नवल म्हणून नोंदवला, आणि बरं झालं नोंदवला. कारण माणसाच्या ताब्यात चित्त्याने पिल्लं दिल्याची यानंतरची नोंद थेट १९५६ सालची आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधे साडेतीनशेच्या आसपास वर्षं गेली!

चित्ता असा का वागतो, हे आता कळलंय. नर-मादी कायम जवळजवळ ठेवले तर मादी तयारच होत नाही. त्यांना वेगळं ठेवावं लागतं, मादीला निवड करू द्यावी लागते. मुघलांच्या चित्तेखान्यात जे घडलं ते चित्त्याने साखळी झुगारल्यामुळे घडलं, माणसाच्या हिकमतीने नव्हे.

पण या नोंदीत एक कटू गोष्टही दडली आहे. पाळलेले चित्ते वाढत नव्हते, म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता जंगलातून पकडूनच आणावा लागायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. बादशहांनी केलं, मग संस्थानिकांनी केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात चित्ते इतके कमी उरले की आपल्या कोल्हापूर संस्थानाला शिकारीसाठी ते आफ्रिकेतून मागवावे लागले. तिथे ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. १९५२ मध्ये हिंदुस्तानातून चित्ता संपल्याचं सरकारने जाहीर केलं. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले, ते याच तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारण्यासाठी. ज्यांनी चित्त्यावर एवढा जीव टाकला, त्यांच्याच शौकाने चित्त्याचा घात झाला, असं आम्हाला वाटतं. बंदुका आणि उजाड झालेली माळरानं यांचाही वाटा आहेच, पण हा हिशेब टाळता येत नाही.

सारसाची गोष्ट मात्र मन प्रसन्न करणारी आहे. महिनाभराची दोन पिल्लं बादशहाकडे आली होती. त्याने नावं ठेवली लैला आणि मजनू. पाच वर्षं ती सोबत वाढली, सफरीतही बरोबर असायची. १६१८ च्या सुमारास मुक्काम अहमदाबादेत होता. (हे शहर त्याला बिलकूल आवडलं नव्हतं. धुळीमुळे त्याने त्याचं नावच गर्दाबाद करून टाकलं!) तिथे या जोडीने अंडी घातली, दोन अंडी, अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने. रात्रभर लैला अंड्यांवर बसायची आणि मजनू शेजारी उभा राहून पहारा द्यायचा. एकदा मुंगसासारखा एक प्राणी जवळ आला तर मजनू त्याच्यावर असा धावून गेला की तो बिळात शिरेपर्यंत थांबला नाही. सकाळी तो चोचीने लैलाची पाठ खाजवायचा, ती उठायची आणि तो बसायचा. चौतीस दिवसांनी पिल्लं बाहेर आली. आजचे पक्षितज्ज्ञ एकतीस ते चौतीस दिवस सांगतात. म्हणजे बादशहाचा हिशेब चोख होता.

मजनू पिल्लाचा पाय चोचीत धरून त्याला उलटं लटकवून न्यायचा. तो पिल्लाला इजा करील म्हणून बादशहाने त्याला वेगळं ठेवायला लावलं. नंतर पुन्हा वाटलं, पाहू तरी. मजनूला जवळ सोडलं, तर त्याची माया लैलापेक्षा तसूभरही कमी नव्हती. चूक आपली होती हे दिसल्यावर त्याने तेही लिहून टाकलं. तख्तावर बसलेली माणसं हे सहसा करत नाहीत.

अशा परीक्षा घेण्याची त्याला आवडच होती. एका शेराची आणि बकरीची दोस्ती जमली होती, दोघं एकाच पिंजऱ्यात राहायची. (फारसीत शेर म्हणजे सिंहही आणि वाघही, त्यामुळे नक्की कोण यावर अभ्यासकांत वाद आहे.) बादशहाने बकरी लपवायला लावली, तर शेर कासावीस झाला. मग त्याच रंगाची, त्याच आकाराची दुसरी बकरी आत सोडली. शेराने हुंगलं आणि तिची कंबर मोडली. मेंढी सोडली, ती फाडून खाल्ली. मग जुनी बकरी परत आत सोडली, तर तिला छातीवर घेऊन तो तिचं तोंड चाटू लागला. त्या दुसऱ्या बकरीचा आणि मेंढीचा बळी गेला हे खरं, पण प्रश्न विचारण्याची त्याची पद्धत आजच्या शास्त्रज्ञाला ओळखीची वाटेल.

सगळंच बरोबर निघालं असं नाही. हत्तिणीचा गर्भकाळ त्याने अठरा-एकोणीस महिने लिहिला, तो असतो बावीसच्या आसपास. पण थंडीत अंगावर पाणी मारल्यावर हत्ती कुडकुडतात हे त्याच्याच डोळ्यांनी टिपलं, आणि पाणी कोमट करून देण्याचा हुकूम निघाला. मारखोर बोकड आणि परदेशी बर्बरी शेळ्या यांचा संकरही त्याने करून पाहिला. त्या करडांच्या उड्या आणि खोड्यांवर तो इतका खूश होता की चित्रकारालाही त्या कागदावर उतरवता येणार नाहीत, असं त्याला वाटलं.

दूरदेशचे प्राणी यायचे ते बंदरांतून. १६१२ मध्ये त्याचा विश्वासू मुकर्रब खान गोव्याला गेला. पोर्तुगीजांकडून दुर्मीळ वस्तू मिळतील त्या भावाने घ्यायच्या, असा हुकूम होता. त्या मालात अमेरिकेतला टर्की पक्षी होता. त्याच्या डोक्या-मानेचा रंग कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजी होतो हे पाहून बादशाह थक्क झाला. पणजोबा बाबरानेही प्राण्यांची वर्णनं लिहिली होती, पण चित्रं काढवून घेतली नव्हती. जहांगीरने ती काढवून घेतली, म्हणजे ऐकणाऱ्याला दिसेलही. हे काम उस्ताद मन्सूरचं, ज्याला नादिर-उल-अस्र हा किताब मिळाला होता. १६२१ मध्ये ॲबिसिनियाहून झेब्रा आला, तेव्हा लोकांना वाटलं पट्टे रंगवलेत. नीट तपासल्यावर कळलं की रंगारी खुदाच आहे. तो झेब्रा पुढे इराणच्या शाह अब्बासला नजराणा म्हणून गेला, चित्र मात्र उरलं. टर्की आणि झेब्रा ही दोन्ही चित्रं आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं रंगीत चित्र रशियात आहे. डोडो पक्षी त्याच शतकात जगातून नाहीसा झाला, आणि तो जिवंतपणी कसा दिसायचा हे सांगणाऱ्या मोजक्या भरवशाच्या चित्रांत हे धरलं जातं.

या सगळ्याकडे आपलं लक्ष वेधलं ते मुंबईच्या एका सुलेमानी बोहरा घरातल्या माणसाने. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९२७-२८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली, तेव्हा ते स्वतः जेमतेम तिशीचे होते. एका सलीमने दुसऱ्याला ओळखलं म्हणायचं!

पण आम्ही फक्त गोड गोड लिहिलं तर ते खरं होणार नाही. हाच बादशाह कट्टर शिकारी होता. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा हिशेब त्याने कारकुनांकडून काढून घेतला: समोर मारली गेलेली जनावरं २८,५३२, त्यातली स्वतःच्या हाताने १७,१६७. मनसराज नावाचं लाडकं हरीण मेलं तेव्हा त्याच्या कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि त्या रानात हरणांची शिकार बंद केली. तिथला हिरण मिनार आज पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्यात उभा आहे. अजमेरला नीलगाय हाती लागेना तेव्हा तिचं मांस ख्वाजा गरीब नवाजांच्या नावाने फकिरांना खिलवीन, अशी मन्नत केली. दर्ग्यातली लहान देग त्याचीच देणगी, अजमेरला जाणाऱ्यांनी ती पाहिली असेल. आणि असाच एकदा नीलगायीवर नेम धरलेला असताना एक मोतद्दार आणि दोन कहार मधे आले, नीलगाय पळाली, तर त्याने मोतद्दाराला जागीच ठार करवलं आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या. हत्तीला कोमट पाणी देणारा तो हाच.

पुढे नातू शुजा आजारी पडला, तेव्हा स्वतःच्या हाताने कुठल्याही जिवाला इजा करणार नाही, अशी मन्नत त्याने केली. मुलगा बरा झाला आणि काही वर्षं शब्द पाळलाही. १६२२ मध्ये शहजादा खुर्रमने, म्हणजे शाहजहानने बंड केलं. त्या दुःखात आणि रागात बंदूक परत हाती आली.

शेवटची वर्षं दम्याने बेजार केली. कारभार बराचसा नूरजहाँ पाहायची, आणि ती स्वतः पक्की नेमबाज होती. १६२७ मध्ये कश्मीरहून लाहोरला परतताना बैरमकला इथे मुक्काम पडला. डोंगरावरून हरणं हाकून आणायची आणि बादशहाने खालून बार टाकायचा, असा बेत होता. एक हरीण जखमी होऊन कड्यावर अडकलं. ते आणायला एक प्यादा पुढे सरकला, त्याचा पाय घसरला, आणि तो खाली कोसळून मेला. बादशाह हादरला. आपल्याला मौतच दिसली असं त्याला वाटलं. प्याद्याच्या आईला बोलावलं, तिला पैसे दिले, तिची समजूत घातली. त्याची स्वतःची समजूत मात्र कोणालाच घालता आली नाही. तिथून पुढच्या मुक्कामांत तब्येत ढासळतच गेली. राजौरीच्या वाटेवर त्याने प्याला मागवला, पण घोट गळ्याखाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा इंतकाल झाला. लाहोरजवळ शाहदऱ्याला नूरजहाँच्या बागेत त्याला दफन केलं.